डेन्व्हरची ७८ नंबरची गाडी

रविवारी शर्यत संपली की त्याच रात्री गाड्या, सुटे भाग आणि हत्यारांच्या पेट्या लांबलचक ट्रेलरमध्ये चढतात आणि ट्रक निघतात. अमेरिकेतल्या नॅसकार या शर्यत-मालिकेतले जवळजवळ सगळे ट्रक एकाच दिशेला जातात, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराकडे. शहराभोवतीच्या मूर्सव्हिल, कॉन्कॉर्ड, हंटर्सव्हिल या गावांत संघांचे कारखाने आहेत. इंजिन बांधणारे, पत्रा घडवणारे, चासी जोडणारे सगळे तिथेच, एकमेकांच्या शेजारी राहतात. एक ट्रक मात्र बरीच वर्षे ही वाट सोडून पश्चिमेला वळत असे. त्याला रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला पोचायचे असे. शार्लटहून डेन्व्हर रस्त्याने सुमारे २,५०० किलोमीटर. पुढची शर्यत बहुतेक वेळा पूर्वेकडेच असायची, म्हणजे काही दिवसांत तेवढीच मजल पुन्हा उलटी मारायची.

हा ट्रक होता फर्निचर रो रेसिंग या संघाचा. २०१७ साली या संघाने नॅसकारचे अजिंक्यपद पटकावले आणि पुढच्याच वर्षी संघ बंद झाला. हरत राहिलेला संघ का बुडाला, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जिंकत असलेला संघ का बुडाला, हे मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात या खेळाचे सगळे अर्थकारण उघडे पडते.

आपल्याकडे मोटार शर्यत म्हटले की फॉर्म्युला वन डोळ्यांसमोर येते. नॅसकारमधल्या स्टॉक कारचा प्रकार वेगळा. ‘स्टॉक’ म्हणजे विक्रेत्याकडच्या साठ्यातली, कोणालाही विकत मिळणारी गाडी. बिल फ्रान्स यांनी १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीचच्या एका हॉटेलात गाडीमालकांना आणि चालकांना एकत्र बसवले आणि पुढच्या वर्षी नॅसकार ही संस्था उभी राहिली. १९ जून १९४९ रोजी शार्लटला पहिली ‘निव्वळ स्टॉक’ शर्यत झाली. त्या शर्यतीचा विजेता ग्लेन डनअवे याला बाद ठरवण्यात आले, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहून नेणारे लोक पोलिसांच्या हातून निसटण्यासाठी गाड्यांना असले बदल करत. विजय जिम रोपरला मिळाला. नियम आणि त्यांतल्या पळवाटा यांची लढाई अशी पहिल्याच दिवशी सुरू झाली.

आज या गाड्यांत ‘स्टॉक’ असे फारसे काही उरलेले नाही. बाहेरून एखादी गाडी टोयोटा कॅमरीसारखी दिसते, आत असतो पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि ५.८ लिटरचे व्ही-आठ इंजिन. दार उघडत नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेले चित्र. दीड टनाच्या आसपास वजन, शेकडो अश्वशक्ती, आणि अशा चाळीसच्या आसपास गाड्या लंबगोल ट्रॅकवर एकमेकींना खेटून तीन-चार तास धावतात. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वननंतर २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला होता. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही, पण तिथल्या प्रेक्षकांनी त्या वर्षी त्याला मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले.

फर्निचर रोचे मालक बार्नी व्हिसर हे व्हिएतनाम युद्धात लढून आलेले गृहस्थ. परतल्यावर त्यांनी डेन्व्हरमध्ये सोफे, पलंग, गाद्या यांच्या दुकानांची मोठी साखळी उभी केली. संघ २००५ साली सुरू झाला आणि संघाला नावही दुकानांचेच मिळाले. गाडीवर दुसऱ्या कोणाची जाहिरात नव्हती. मालकच प्रायोजक. हे सुरुवातीला बळ होते, कारण कोणाच्या दारात जायला लागत नव्हते. पुढे यातच धोका होता.

पहिली वर्षे फार हलाखीची गेली. तेव्हा शर्यतीत ४३ गाड्या असत. गुणतक्त्यातल्या पहिल्या ३५ संघांची जागा पक्की, उरलेल्या आठ जागांसाठी बाकीच्यांनी भांडायचे. २००७ साली टोयोटा मालिकेत आली आणि दर आठवड्याला पन्नासच्या आसपास गाड्या दारात उभ्या राहू लागल्या. केनी वॉलेस चालवत असलेली ७८ नंबरची गाडी कितीतरी वेळा पात्रता फेरीतच अडकली. हजारो किलोमीटर ट्रक हाकत यायचे, शुक्रवारी एक-दोन फेऱ्या मारायच्या, सेकंदाच्या काही शतांशांनी जागा हुकायची आणि शर्यत न खेळताच गाडी पुन्हा ट्रेलरमध्ये चढवायची. बक्षिसाची रक्कम नाही, दूरचित्रवाणीवर गाडी दिसली नाही म्हणून जाहिरातीचा उपयोग नाही, खर्च मात्र सगळा झालेला. व्हिसर यांनी त्या काळात दुकान आवरते घेतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी वेगळे केले. मंदीच्या २००९ सालात संघाने निवडक शर्यतींपुरतेच उतरायचे ठरवले आणि वाचलेला वेळ गाडी सुधारण्यात घातला. रेगन स्मिथ हा तरुण चालक घेतला आणि पुढे रिचर्ड चिल्ड्रेस रेसिंग या जुन्या, मोठ्या संघाशी तांत्रिक करार केला.

या रेगन स्मिथच्या नशिबाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. २००८ साली तो दुसऱ्या संघाकडून खेळत असताना टॅलाडेगाच्या शर्यतीत त्याने अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली होती. पण पुढे जाताना गाडी पिवळ्या रेषेच्या आत गेली म्हणून विजय काढून टोनी स्टुअर्टला देण्यात आला. तेव्हापासून त्याच्या नावावर एकही विजय नव्हता.

७ मे २०११. साउथ कॅरोलायनातला डार्लिंग्टन ट्रॅक हा नॅसकारचा सर्वांत जुना मोठा ट्रॅक. त्याचा आकार अंड्यासारखा आहे, एक टोक रुंद आणि दुसरे निमुळते. जमीन देणाऱ्याचे एक मासळीचे तळे होते आणि त्याला धक्का लावणार नाही असा शब्द ट्रॅक बांधणाऱ्याने दिला होता, म्हणून एका बाजूची वळणे आवळून घ्यावी लागली. साउथर्न ५०० ही प्रतिष्ठेची शर्यत इथलीच, आणि त्या दिवशी तीच होती. शेवटच्या दहाएक फेऱ्या उरल्या असताना एकाचे इंजिन गेले, पिवळा बावटा लागला, म्हणजे गाड्यांनी वेग कमी करून रांगेत चालायचे, आणि पुढच्या गाड्या नवे टायर घ्यायला पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या थांब्यावर, वळल्या. ७८ नंबर वळली नाही. डार्लिंग्टनचा पृष्ठभाग टायर खातो. जुन्या टायरवर शेवटच्या फेऱ्या काढणे म्हणजे झिजलेल्या चपलांनी ओल्या घाटात उतरण्यासारखे. पण स्मिथ आता पुढे होता, आणि मागे नव्या टायरचा कार्ल एडवर्ड्स. शर्यत पुन्हा सुरू झाली. स्मिथची गाडी बाहेरच्या भिंतीला घासली. डार्लिंग्टनच्या भिंतीचा हा ओरखडा म्हणजे तिथला शिक्काच मानतात. तो ओरखडा घेऊन ती गाडी पहिली आली. डेन्व्हरच्या एकट्या गाडीचा हा पहिला विजय, आणि स्मिथचाही.

मोठे काम डेन्व्हरमध्ये बसून करणे खरोखर कठीण होते. शार्लटमध्ये एखादा भाग बिघडला तर पुरवठादार अर्ध्या तासावर. डेन्व्हरमध्ये विमानाने मागवायचा. चांगल्या कारागिराला तिकडे नेणे म्हणजे बिऱ्हाड हलवायला लावणे. पण याची दुसरी बाजूही होती, आणि मला ती फार बोलकी वाटते. शार्लटमध्ये माणसे रस्ता ओलांडून दुसऱ्या संघात जातात आणि जाताना युक्त्याही घेऊन जातात. डेन्व्हरला आलेला माणूस टिकत असे. कारखान्यात ठरलेली गोष्ट कारखान्यातच राहत असे. अवतीभोवती दुसरा संघच नसल्याने शेजाऱ्याचे पाहून करायची सवय लागली नाही.

२०१३ साली कर्ट बुश या माजी विजेत्याने ७८ नंबर चालवली आणि अजिंक्यपदासाठीच्या मोसमाच्या अखेरच्या टप्प्यात एकाच गाडीचा संघ प्रथमच पोचला. २०१४ साली मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर आला. तोही जखम घेऊनच. आदल्या वर्षी त्याच्या जुन्या संघाने रिचमंडच्या शर्यतीचा निकाल वळवल्याचा ठपका आला, ट्रुएक्सला त्या अखेरच्या टप्प्यातून काढण्यात आले आणि संघाचा मोठा प्रायोजक निघून गेला. गाडीच उरली नाही, म्हणून तो डेन्व्हरच्या गाडीत बसला. पहिले वर्ष वाईट गेले, गुणतक्त्यात २४ वा क्रमांक. त्याच उन्हाळ्यात त्याची जोडीदार शेरी पोलेक्स हिला बीजांडकोशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. व्हिसर यांनी त्या काळात त्याला दूर केले नाही.

२०१५ साली संघाने कोल पर्न या तरुण कॅनेडियन अभियंत्याला क्रू चीफ केले. क्रू चीफ म्हणजे गाडीचा कर्ता माणूस. कोणत्या स्प्रिंगा, टायरमध्ये किती हवा, पिटमध्ये कधी वळायचे, हे तो ठरवतो. पर्न स्वतः शर्यती खेळलेला होता, त्यामुळे चालकाच्या तक्रारीतून गाडीचे दुखणे ओळखणे त्याला जमत असे. फरक लगेच दिसला. त्या वर्षी ट्रुएक्सने सलग चार शर्यतींत सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर काढल्या. पहिल्या तिन्ही वेळा विजय हुकला, चौथ्या वेळी पोकोनोला मिळाला.

पुढच्या वर्षी संघाने मोठी उडी घेतली. शेव्हरोले सोडून टोयोटा, चिल्ड्रेस सोडून जो गिब्स रेसिंग. हा करार कसा असतो, ते सांगायला हवे, कारण संघाचा उत्कर्ष आणि शेवट दोन्ही त्यातूनच आले. त्या काळात नॅसकारमध्ये एका मालकाला जास्तीत जास्त चार गाड्या उतरवता येत. चार गाड्यांच्या संघाकडे शेकडो माणसे, स्वतःचे संगणकी नमुने, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांचा साठा असतो. छोटा संघ हे सगळे उभे करूच शकत नाही. तो ते भाड्याने घेतो. गिब्सकडून चासी, टोयोटाच्या शर्यत विभागाकडून इंजिन, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे माहिती. सरावात गिब्सच्या चार गाड्यांनी काय केले हे डेन्व्हरला कळे, आणि डेन्व्हरने काय केले ते गिब्सला. या बदल्यात छोटा संघ दरवर्षी मोठी रक्कम मोजतो.

उडी फळली. २०१६ च्या डेटोना ५०० मध्ये ट्रुएक्स डेनी हॅमलिनपेक्षा सेकंदाच्या एक शतांशाने मागे राहिला, त्या शर्यतीच्या इतिहासातला सर्वांत निसटता निकाल. आणि २९ मे रोजी शार्लटला, म्हणजे सगळ्या संघांच्या अंगणात, ६०० मैलांची शर्यत होती. एकूण ४०० फेऱ्या. त्यातल्या ३९२ फेऱ्या डेन्व्हरची गाडी पुढे होती. ५८८ मैल आघाडी! एका शर्यतीत इतके मैल कोणीच आघाडीवर काढले नव्हते. संध्याकाळचे ऊन उतरून रात्र होते तसा ट्रॅक थंड होतो, पकड बदलते, आणि दुपारी उत्तम धावणारी गाडी रात्री बिघडते. त्या दिवशी पर्नने प्रत्येक थांब्यावर गाडीत बारीक बारीक फेरफार केले आणि ती ऊन, सावली, रात्र तिन्हीत सारखीच धावली. नॅसकारच्या कितीतरी यंत्रशाळा जिथून तासाभराच्या अंतरावर आहेत, तिथे हे घडले.

२०१७ साली आठ विजय. संघाने त्या वर्षी एरिक जोन्सला घेऊन दुसरी गाडीही उतरवली. पण ते वर्ष केवळ विजयांचे नव्हते. शेरीचा कर्करोग उलटला. संघातला एक सहकारी शर्यतीच्या गावी हृदयविकाराने गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खुद्द व्हिसर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. १९ नोव्हेंबरला फ्लोरिडातल्या होमस्टेडला अंतिम शर्यत झाली तेव्हा मालक डेन्व्हरमध्येच होते. चौघे अजिंक्यपदाचे दावेदार, त्यांत काइल बुश गिब्सच्या संघाचा. म्हणजे ज्यांच्याकडून चासी घेतली, त्यांच्याच गाडीशी शेवटची झुंज. अखेरच्या फेऱ्यांत बुश मागून जवळ येत होता. ट्रुएक्सने नेहमीची वाट सोडून गाडी वरच्या बाजूला, भिंतीलगत नेली, तिथे त्याला वेग सापडला आणि त्याने तो अखेरपर्यंत धरून ठेवला. शार्लटपासून दूर, पर्वताखालच्या कारखान्यातून आलेली गाडी अमेरिकेची विजेती ठरली.

आणि इथूनच हिशेब सुरू होतो. एका गाडीचा संघ छोटा असतो, पण गाडीचा खर्च छोटा नसतो. पुढच्या रांगेत धावणाऱ्या एका गाडीला मोसमभरात दीड ते दोन कोटी डॉलर लागतात, असा अंदाज त्या काळात सांगितला जात असे. चार गाड्यांचा संघ संशोधनाचा खर्च चार ठिकाणी वाटतो, एका गाडीचा संघ एकटा सोसतो. दूरचित्रवाणीचा पैसा त्यावर उतारा ठरत नसे. २०१५ पासूनच्या करारात त्या पैशातले ६५ टक्के ट्रॅकच्या मालकांना, १० टक्के नॅसकारला आणि २५ टक्के सगळ्या संघांना मिळून जात. बाकी सगळे प्रायोजकावर. २००८ च्या मंदीनंतर मोठ्या कंपन्यांनी पूर्ण मोसमाचे पैसे देणे कमी केले होते. मालकाखेरीज आता फर्निचर रोचे बाहेरचे दोन मोठे आधार होते, बास प्रो शॉप्स आणि ५-अवर एनर्जी. संघाने दुसरी गाडी एका वर्षातच बंद केली, कारण तिला पुरेसा प्रायोजक मिळाला नाही. मग जुलै २०१८ मध्ये ५-अवर एनर्जीने मोसमानंतर नॅसकार सोडत असल्याचे जाहीर केले. गिब्सबरोबरच्या कराराची किंमतही वाढत होती. जो करार वेग देत होता, तोच आता परवडेना, आणि तो सोडला तर वेगही गेला. स्वतःचे काही उभारायचे तर तेवढा पैसा आणि वेळ नव्हता. ४ सप्टेंबर २०१८ रोजी व्हिसर यांनी मोसमाच्या अखेरीस संघ बंद करत असल्याचे सांगितले. स्पर्धेत टिकायचे तर कर्ज काढावे लागेल आणि ते आपण करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. दुकानातल्या गाद्या विकून मिळालेला पैसा किती वर्षे ट्रॅकवर जाळायचा, हे ठरवायचा हक्क त्यांचाच होता. मला त्या निर्णयाचे वाईट वाटते, पण तो चुकीचा वाटत नाही.

नॅसकारने याआधीही असा एक संघ पाहिला होता. विस्कॉन्सिनचा अभियंता ॲलन कुलविकी स्वतःच मालक आणि स्वतःच चालक होता. १९९२ सालचे अजिंक्यपद त्याने अवघ्या १० गुणांनी जिंकले. अटलांटाच्या अखेरच्या शर्यतीत त्याने १०३ फेऱ्या आघाडीवर काढल्या आणि बिल एलियटने १०२. सर्वाधिक फेऱ्यांचे पाच गुण त्याच्याऐवजी एलियटला मिळाले असते तर गुण समान होऊन जास्त विजयांमुळे चषक एलियटकडे गेला असता. १ एप्रिल १९९३ रोजी विमान अपघातात कुलविकी गेला आणि त्याचा संघ विकला गेला. तिथे सगळे एका माणसाच्या जिवावर उभे होते, डेन्व्हरला एका माणसाच्या तिजोरीवर.

बंद होत असल्याची बातमी आली तेव्हा मोसमाचे अडीच महिने उरले होते. डेन्व्हरच्या कारखान्यातल्या सगळ्यांना कळले होते की डिसेंबरात आपली नोकरी नाही. तरी गाडी दर आठवड्याला पुढच्या रांगेत होती. सप्टेंबरअखेर शार्लटला शेवटच्या वळणावर जिमी जॉन्सन घसरून ट्रुएक्सवर आदळला आणि विजय गेला. ऑक्टोबरअखेर मार्टिन्सव्हिलला शेवटच्याच वळणावर जोई लोगानोने मागून धक्का देऊन विजय हिसकावला. तरीही ट्रुएक्स अंतिम चौघांत होता. १८ नोव्हेंबरला होमस्टेडला तो पुढे होता, बारा फेऱ्या उरल्या असताना लोगानो बाहेरून पुढे गेला आणि ७८ नंबर दुसरी आली. तिची ती शेवटची शर्यत. कारकीर्दीत एकूण १८ विजय.

ट्रुएक्स आणि पर्न दोघेही जो गिब्सकडे गेले आणि पुढच्या वर्षी तिथे सात शर्यती जिंकले. माणसे आणि कसब मोठ्या संघाने उचलले. उरली एक गोष्ट, चार्टर. २०१६ पासून नॅसकारने ३६ गाड्यांना दर शर्यतीत जागेची हमी देणारा परवाना दिला होता, जो विकता येतो. सुरुवातीच्या वर्षांत शुक्रवारी ट्रॅकवर जागेसाठी झुरणाऱ्या संघाकडे जाताना हाच एक ऐवज होता. तो स्पायर मोटरस्पोर्ट्स या अगदी नव्या संघाने घेतला, सुमारे ६० लाख डॉलरला असे छापून आले होते. पुढे २०२३ साली याच स्पायरने दुसरा एक चार्टर घेतला तेव्हा चार कोटी डॉलरचा आकडा बाहेर आला.

जुलै २०१९ मध्ये डेटोनाची शर्यत पावसाने पुढे ढकलली आणि रविवारी दुपारी पुन्हा ढग दाटले. पिवळा बावटा लागला होता, पुढे कर्ट बुश होता, कधी काळी डेन्व्हरची गाडी चालवलेला. शर्यत पुन्हा सुरू व्हायला एक फेरी आहे असा इशारा आला म्हणून तो इंधन घ्यायला पिटमध्ये वळला. मागे होता स्पायरचा जस्टिन हेली, या पातळीवर तिसरीच शर्यत खेळणारा. तो वळला नाही. काही क्षणांत वीज चमकली, शर्यत थांबली, मग पाऊस कोसळला आणि ती पुन्हा सुरूच झाली नाही. डेन्व्हरच्या परवान्यावर उतरलेली गाडी रांगेच्या पुढे, भिजत उभी होती, आणि विजय तिच्या नावावर लागला.